हामादी ताल यांचा डावा हात

काचेवरच्या चित्रात सही सगळ्यात आधी करावी लागते. बाकीचे चित्रकार शेवटी, चित्र जमलंच तर, कोपऱ्यात ऐटीत नाव टाकतात. आमचं सगळंच उलटं. आम्ही काचेच्या मागून रंगवतो आणि लोक पुढून बघतात. म्हणून जे लोकांना सगळ्यात वर दिसायचं ते आम्ही आधी काढतो. आधी सही, मग नाकडोळ्यांच्या रेषा, मग कपडे, आणि आभाळ अगदी शेवटी. एकदा आभाळ भरलं की नाकात सुधारणा नाही. म्हणजे काम कसं होणार हे ठाऊक नसताना त्याच्याखाली नाव घालायचं. लग्नासारखंच झालं हे, आणि मी दोन्हीकडे घाई केली आहे.

बारा वर्षं मी जी सही करत होते ती माझी नव्हती. ती होती मोमार म्बेंग यांची. मोमारकाका माझे गुरू. डकारमध्ये मेदिना वस्तीत त्यांच्या अंगणात पत्र्याखाली आमचं काम चालतं. नाव त्यांचं मोठं, हॉटेलवाले आणि विमानतळावरचे दुकानदार त्या नावाखेरीज काच हातात धरत नाहीत. त्यामुळे सिंह माझा, घोडेस्वार माझा, प्रवाशांनी खच्चून भरलेली बस माझी, आणि कोपऱ्यात नाव काकांचं. मला वाईट वाटायचं का? वाटायचं. काकांवर राग होता का? थोडा होता, पण त्यांच्या बायकोच्या हातचा माशाचा भात खाल्ला की दुपारपुरता जायचा.

गेल्या वर्षी काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि एक दिवस तेच म्हणाले की यंदाच्या मेळ्याला तू तुझं नाव लाव. दर दोन वर्षांनी आमच्या शहरात चित्रांचा मोठा मेळा भरतो. सरकारी दालनात बड्या लोकांची चित्रं लागतात, आणि ज्यांना तिथे कोणी उभं करत नाही ते बाहेर जागा शोधतात. बेकरीत, औषधाच्या दुकानात, गॅरेजात, जिथे भिंत मिळेल तिथे. महिनाभर अख्खं शहर भिंती बघत फिरतं. मला फक्त एक भिंत हवी होती.

ती मिळाली कापडबाजारात, हाजीणबाईंच्या नव्या दुकानात. हाजीणबाई म्हणजे पेन्दा ताल, अंगावर दोन खुर्च्यांत मावेल एवढा कडक इस्त्रीचा झगा आणि जिभेला त्याहून कडक धार. त्या फुलानी, मी सेरेर. आमच्या दोन जमातींत पिढ्यान्‌पिढ्या चेष्टेचं नातं आहे. भेटल्याबरोबर त्यांनी मला दासी म्हणायचं, मी त्यांना माझी गुराखीण म्हणायचं, आणि जो रागावला तो हरला. भिंत मागायला गेले तेव्हा त्यांनी आधी विचारलं की दासी लोकांना चित्रं कधीपासून यायला लागली. मी म्हटलं, मालकिणीची गुरं चरायला जातात तेव्हापासून, फावला वेळ असतो. त्या इतक्या हसल्या की गल्ल्यावरची मुलगी धावत आली. भिंत मिळाली.

पण अट होती. भिंतीच्या मधोमध त्यांच्या वडिलांचं मोठं चित्र हवं. हामादी ताल यांनी हा धंदा डोक्यावर गाठोडं घेऊन सुरू केला होता, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. हाजीणबाईंनी एक फोटो दिला. बकरी ईदचा दिवस, घराच्या दारात म्हातारे आणि त्यांचा मुलगा येरो हात मिळवताहेत. ईदला आम्ही एकमेकांची माफी मागतो, तो क्षण होता. म्हाताऱ्यांचा हसरा असा हा एकच फोटो. हाजीणबाईंचं म्हणणं होतं की येरोला गाळून टाक. येरो अकरा वर्षांपूर्वी इटलीला गेला तो परतलाच नव्हता, बापाच्या मातीलाही आला नव्हता, आणि त्याचं नाव त्या घरात हळू आवाजात घेत. पण त्यांच्या आईने, कुम्बा आईने, निरोप पाठवला की दोघंही हवेत. म्हणून दोघं राहिले.

फोटोवरून बटरपेपरवर रेघा उतरवायच्या, तो कागद काचेखाली ठेवायचा आणि वरून काळ्या शाईने गिरवायचं. यात एक गोम आहे. कागद उलटा ठेवावा लागतो. सुलटा ठेवला तर पुढून बघणाऱ्याला डाव्याचं उजवं दिसतं. नऊ वर्षांपूर्वी मी एकदा कागद उलटवायला विसरले होते आणि एका बसचं दार भलत्या बाजूला आलं होतं. नवीन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काका ती गोष्ट अजून सांगतात.

या वेळी मी विसरले नाही. काच ठेवली, कोपऱ्यात पहिल्यांदाच उलट्या अक्षरांत यांदे फाय असं लिहिलं, पहिलं अक्षर वाकडं आलं म्हणून पुसून परत लिहिलं. मग कागद नीट उलटवून काचेखाली सारला आणि बंदरावर गेले. माझी बहीण सिगा बोटीने झिगिंशोरला, सासरी निघाली होती, आता वर्षभर भेट नव्हती. धक्क्यावर मी तिला डावा हात दिला. एरवी कोणापुढे डावा हात केला तर आमच्याकडे थोबाडीत बसेल, पण लांब जाणाऱ्याला मुद्दाम डावाच देतात. एक चूक करून ठेवायची, म्हणजे ती दुरुस्त करायला माणसाला परत यावं लागतं. सिगा रडली, मी तिला चिडवलं, आणि बोट हलल्यावर मीही रडले.

मी तिकडे रडत होते तेव्हा इकडे मोमारकाका अंगणात आले. त्यांनी काचेखालचा कागद पाहिला. मोतीबिंदूच्या डोळ्यांना काय दिसलं कोण जाणे, पण त्यांच्या मनाने घेतलं की यांदे पुन्हा विसरली. माझ्यावरच्या मायेपोटी त्यांनी गुपचूप कागद उलटवला आणि मला लाज वाटू नये म्हणून बोललेही नाहीत. नऊ वर्षांत एकदाच त्यांनी तोंड मिटून ठेवलं, ते नेमकं तेव्हा.

पुढचे आठ दिवस मी खाली मान घालून काम केलं. शेजारी फोटो होता आणि काचेवर उतरत होतं ते अगदी फोटोसारखं. मी मनात खूश. इतकं हुबेहूब मला कधी जमलं नव्हतं. खरं तर तिथेच कळायला हवं होतं, कारण आमच्या धंद्यात रंगवताना जे बरोबर दिसतं ते चुकलेलं असतं. आभाळ भरलं, वाळल्यावर काच फिरवली. चेहरे बघितले, झग्याचा निळा रंग बघितला. काच फिरवली की चित्र बदलून दिसतंच, बारा वर्षांची सवय, म्हणून हात कोणी बघितलेच नाहीत. पाठीला पुठ्ठा, कडेने चिकटपट्टी, वर फडकं, आणि चित्र दुकानात.

उद्घाटन शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर होतं. हाजीणबाईंनी धंद्याची सगळी अक्कल पणाला लावली होती. आदल्या आठवड्यात रेडिओवर नाव वाचलं गेलं होतं, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत माझ्या नावाची चिठ्ठी जात होती. विकलेल्या चित्राला लाल ठिपका लावतात असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून शिवणाच्या डब्यातली मोठी लाल बटणं काढून ठेवली होती. एकवीस काचा भिंतीवर होत्या आणि मधलं फडकं निघायच्या आधीच तिघींना लाल बटणं लागली होती. माझं नाव एकवीस ठिकाणी होतं. मी ते मोजत उभी होते, दुसरं काही सुचत नव्हतं.

भाटीण आली होती. तिने ताल घराण्याच्या सात पिढ्या मोठ्या आवाजात गायला घेतल्या, हामादींच्या दानशूर उजव्या हातापाशी आली, आणि हाजीणबाईंनी मधल्या काचेवरचं फडकं ओढलं. भाटीण त्या उजव्या हाताशीच थांबली. भाटिणीला मधेच थांबलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, त्या माणसं थांबवतात, स्वतः थांबत नाहीत.

हामादी ताल ईदच्या झग्यात, हसऱ्या चेहऱ्याने, आपल्या मुलाला डावा हात देत होते.

हामादींचे धाकटे भाऊ पुढे आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, “माझ्या भावाने आयुष्यात कोणाला डाव्या हाताने पाण्याचा पेला दिला नाही.”

मी हाजीणबाईंकडे बघितलं. त्यांनी मला दासी म्हणावं, अडाणी म्हणावं, सेरेर लोकांना दोन हात असतात हेच माहीत नाही म्हणावं, म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी ओढलेल्या फडक्याची घडी घातली, मग त्या घडीचीही घडी घातली. आमच्यातली चेष्टा थांबली होती.

मोमारकाका गर्दीतून वाट काढत आले. त्यांना हात दिसला नव्हता, पण शांतता ऐकू आली होती. कोणीतरी कानात सांगितल्यावर ते तिथेच मट्‌कन खुर्चीत बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले की कागद मी उलटवला, पोरीला बोल लावू नका. तेव्हा कुठे मला उलगडा झाला. क्षणभर मोहही झाला. सत्तरीचा म्हातारा, डोळे गेलेले, त्याला सगळ्यांनी माफ केलं असतं आणि माझी भिंत राहिली असती. पण मग ते चित्र पुन्हा काकांचंच झालं असतं.

“काका, कागद कोणीही उलटवला असेल,” मी म्हटलं. “खाली नाव माझं आहे. चूक माझी.”

धीटपणा दाखवायचा होता, पण तो तेवढाच निघाला.

हाजीणबाई म्हणाल्या, “यांदे, हे उतरव. बाकीचीही उतरव.” एवढंच. दुकान भरलेलं होतं, सरबताचे पेले हातात होते, आणि मी स्टुलावर चढले. बारा वर्षं वाट बघून मिळालेली भिंत पाऊण तास टिकली, असा हिशेब मनात आला आणि मला स्वतःचीच कीव आली.

“थांब ग पोरी.”

कोपऱ्यात कापडाच्या गाठोड्यांशेजारी कुम्बा आई बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना उठता येत नव्हतं, म्हणून दोघींनी त्यांची खुर्चीच उचलून भिंतीपुढे आणली. त्यांनी चित्र बघितलं. मग हात लांब करून काचेवर, नवऱ्याच्या हातावर बोट ठेवलं. काचेच्या चित्राला हात लावता येतो, रंग मागे असतो, पुढून फडकं मारलं की झालं.

“येरो गेला ना, त्या सकाळी हे बाहेर आलेच नाहीत,” त्या म्हणाल्या. “दुकान सोडून जातोय म्हणून राग. आत जपमाळ घेऊन बसले. पोरगा दारात डावा हात पुढे करून उभा. मी दिला, पेन्दाने दिला, ह्यांनी नाही दिला. टॅक्सी गेली तशी उठले, रस्त्यापर्यंत गेले. तिथे काय होतं, धूळ होती.”

कुम्बा आईंच्या दिरांनी खाली बघितलं. त्यांना हे ठाऊक होतं, सगळ्या घराला ठाऊक होतं.

“पुढे पाच वर्षं रोज रात्री जेवण झालं की आपल्या डाव्या हाताकडे बघायचे. म्हणायचे, कुम्बा, मी त्याला मोकळा सोडला, तो कशाला परत येईल. गेले ते हेच म्हणत. आणि पोराकडे आधी तिकडे राहायचे कागद नव्हते, कागद मिळाले तेव्हा तोंड नव्हतं.” त्यांनी काचेवरचं बोट काढलं. “आज दिला बघ त्यांनी हात. ह्या सेरेर पोरीने द्यायला लावला.”

मला हे सुचायला हवं होतं. थोड्याच दिवसांपूर्वी मी धक्क्यावर उभी राहून तेच केलं होतं. पण भीतीने माणूस आंधळा होतो, त्याला मोतीबिंदू लागत नाही. मी स्टुलावर उभ्याउभ्या रडायला लागले आणि खाली बघते तर हाजीणबाईंचा सुरमा गालावर आला होता. दिरांनी चष्मा परत काढला. भाटिणीने तेवढ्यात घसा साफ केला आणि राहिलेली पिढी पुरी करून टाकली, फक्त उजव्या हाताचा डावा करून. त्या बाईला धंदा कळतो.

कुम्बा आईंनी मग येरोला फोन लावायला सांगितला. दिरांनी फोन काचेसमोर धरला. इटलीत तो कुठल्याशा कारखान्याच्या कपड्यांत उभा होता, मागे यंत्रं चालली होती. त्याला काहीच कळेना. आईने सांगितलं की बघ, तुझ्या बापाचा हात बघ. त्याने फोन डोळ्यांपाशी नेला, पडद्यावर त्याचं कपाळच तेवढं दिसायला लागलं.

“आई,” तो म्हणाला, “आता यावं लागेल.”

हाजीणबाईंनी फोन परत घेतला, नाक शिंकरलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “काय ग दासी, स्टुलावर काय उभी? मालकिणीची कोंबडी आहेस का? उतर खाली.”

मला इतका आनंद जन्मात झाला नव्हता. मी म्हटलं, उतरते, पण माझ्या गुराखिणीने हात दिला तर. त्यांनी उजवा दिला.

संध्याकाळपर्यंत एकवीसपैकी सतरांना लाल बटणं लागली. पण खरी गंमत सोमवारी. आमच्या अंगणात बायकांची रांग. कोणाचा मुलगा स्पेनला, कोणाचा नवरा फ्रान्समध्ये, एकीचा भाऊ अमेरिकेत टॅक्सी चालवतो. प्रत्येकीच्या हातात फोटो आणि प्रत्येकीचं एकच मागणं, ‘ते डाव्या हातासारखं’. रेडिओवाले आले, सरकारी दालनातले एक बडे चित्रकार मुद्दाम चालत येऊन भिंत बघून गेले आणि हे उलटेपण फार खोल आहे असं म्हणाले. मी मान हलवली. खोल होतंच ते, चिकटपट्टीच्या आतपर्यंत होतं.

आणि मोमारकाका. ज्या माणसाने भर दुकानात चूक अंगावर घेतली, तोच आता रांगेतल्या प्रत्येकीला सांगायला लागला की ते डोकं माझं होतं, कागद मी उलटवला. मी म्हणायचे, तुम्ही उलटवला नाहीत, बिघडवला. ते म्हणायचे, बिघडवता यायलाही हात लागतो. शेवटी काकूंनी भाताचं पातेलं आपटून ठेवलं आणि निवाडा दिला की चूक दोघांची, चित्र यांदेचं. तेव्हापासून अंगणातल्या प्रत्येक काचेवर मी माझंच नाव लिहिते. हॉटेलवालेही आता मुकाट्याने घेतात.

येरो पुढच्या बकरी ईदला आला. उंच, केस विरळ झालेले, इटलीचा कोट घालून घामाघूम. महिनाभर राहिला. रोज दुकानात बसायचा, गिऱ्हाइकांना कापड मोजून द्यायचा आणि मोजताना चुकायचा. हाजीणबाई त्याला बोलायच्या, तो हसायचा. कबरीवर गेला तेव्हा कोणाला बरोबर नेलं नाही. मी त्याला विचारलं होतं की आता उजव्या हाताचं दुसरं चित्र काढून देऊ का, काकांना कागदाजवळ फिरकू देणार नाही. तो म्हणाला, नको, हे राहू दे, मला परत जायचं आहे, तिकडे बायको आहे, मुलगी शाळेत आहे.

जायच्या दिवशी टॅक्सी दुकानासमोरच उभी केली. मी एक काच पोचवायला गेले होते म्हणून पाहिलं. त्याने आईला डावा हात दिला, बहिणीला दिला, मलाही दिला. मग आत गेला, भिंतीपुढे उभा राहिला आणि डावा तळवा काचेवर, बापाच्या हातावर ठेवला. कापड मोजून मोजून हात घामेजला होता. तो गेला आणि पाच बोटांचा ठसा काचेवर राहिला.

हाजीणबाई स्वच्छतेच्या बाबतीत वेड्या आहेत. दिवसातून दोनदा सगळ्या काचा पुसून घेतात. त्या गोष्टीला आता चार महिने झाले. काल मी दुकानात गेले तर मधल्या काचेवर धूळ होती आणि धुळीत तो ठसा तसाच होता. फक्त खालचा उजवा कोपरा लख्ख चमकत होता.

मी काही विचारायच्या आत हाजीणबाई गल्ल्यावरून म्हणाल्या, “बघतेस काय दासी? ती काच मी पुसत नाही. तुझं नाव तेवढं रोज पुसते.”